गर गेला, बाकीचा काजू कुठे?

[दृश्य: वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक लहान काजू कारखाना. खळ्यात वाळत घातलेली बी. कडेला वजनकाटा.]

या काट्यावर 100 किलो काजू बी आहे. मार्च-एप्रिलात झाडाखालून वेचलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली. ती फोडली की काजूगर मिळेल 25 ते 30 किलो. गराला चिकटलेली तांबूस साल पाचेक किलो. राहिलेलं, म्हणजे 65-70 किलो, नुसतं टरफल.

ही झाली बीची वजाबाकी. ज्या बोंडूला, म्हणजे काजूच्या रसाळ फळाला, ही बी लटकत होती, तो तर काट्यावर आलाच नाही. बोंडूचं वजन बीच्या पाच ते आठपट भरतं. म्हणजे या एवढ्या बीमागे 500 ते 800 किलो बोंडू कुठल्यातरी डोंगरउतारावर पडून कुजला, थोडा गुरांनी खाल्ला, थोडा पोरांनी मीठमसाला लावून.

सगळं एकत्र धरलं तर झाडाने दिलेल्या वजनापैकी जेमतेम 3 ते 5 टक्के गर आपण विकतो. गराचे लाड करायला दुकानदार, मिठाईवाले, पाहुणे असे पुष्कळ आहेत. या फिल्ममध्ये आपण उरलेल्या 95 टक्क्यांच्या मागे जाऊ.

[दृश्य: सड्यावरचा जांभा. कातळात उभी काजूची कलमं. दूरवर समुद्र.]

काजू मूळचा इथला नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून पश्चिम किनाऱ्यावर आणला. पण कोकणच्या जांभ्याशी त्याचं असं जमलं, की आज तो परका आहे असं कोणी म्हणणार नाही. 1990 साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि नाचणी-वरीच्या वरकस जमिनींवर आंब्याबरोबर काजूही चढला. याची दुसरी बाजूही आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडे काही ठिकाणी मिश्र जंगल तोडून नुसता काजू लावला गेला. हिरवं दिसतं म्हणून त्याला जंगल म्हणता येत नाही.

आता कारखान्यात जाऊ.

[दृश्य: बॉयलर. वाफ. शिजलेली बी जमिनीवर पसरली जाते.]

बी आधी वाफेवर शिजवतात. मग ती पसरून रात्रभर निवू देतात. निवताना टरफल कडक होतं आणि आतला गर आकसून टरफलापासून सुटा होतो. पूर्वी बी थेट आगीवर भाजायचे. त्या धुराने डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. वाफेने ते पुष्कळ कमी झालं.

[दृश्य: कटरवर बसलेल्या बायका. जवळून बोटं. आवाज: खट, खट, खट.]

कटरवर बहुतेक बायकाच. एक हात बी पात्यांमध्ये धरतो, पाय दांडा दाबतो, दुसरा हात गर काढून घेतो. गर अखंड निघाला तर भाव वेगळा, पाकळी झाली तर वेगळा, तुकडा झाला तर आणखी खाली. दिवसभराची सगळी कमाई या एका झटक्याच्या नेमकेपणावर असते.

नवी बाई कामाला आली की शेजारची तिला पहिल्यांदा सांगते, "जपान गो, त्याल लागात!" म्हणजे जपून, तेल लागेल. कामाला बसण्याआधी बोटांना खोबरेल चोळायचं, नाहीतर राख लावायची. तरीही वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या बाईचे हात बघितले की ओळखू येतात. बोटांची टोकं काळी पडलेली, कातडी सोललेली.

हे तेल टरफलात असतं. काजूचं टरफल एकसंध नाही. वरचं कवच आणि आतलं कवच यांच्या मध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी आहे आणि त्या जाळीत हे तपकिरी, घट्ट, जळजळीत तेल भरलेलं असतं. झाडाने ते बी राखायला ठेवलंय. किडीने किंवा जनावराने बी फोडायचा प्रयत्न केला, की पहिला घास या तेलाचा.

[दृश्य: कैरीच्या देठातून ओघळणारा चीक. बिब्ब्याची फळं.]

कोकणातल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. हापूस उतरवताना देठाचा चीक गालाला लागला की चट्टा उठतो. बिब्बा अंगावर उततो. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातली झाडं. जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून लाखेची चकचकीत भांडी रंगवतात, ते झाडही याच गोतावळ्यातलं. त्या कारागिरांच्याही हातावर फोड येतात.

आता गंमत बघा. बिब्ब्याच्या रसाने आपल्याकडे कपड्यांवर खुणा करायचे, त्या धुऊन जात नसत. जपानी लाखेची भांडी शेकडो वर्षं टिकतात. आणि कोकणातल्या लाकडी होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची रीत होती. लाकडात पाणी मुरू नये, कीड लागू नये म्हणून. जो गुण हातावर फोड आणतो, तोच गुण लाकूड टिकवतो. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी उलगडलं ते हेच.

[दृश्य: फळ्यावर खडूने काढलेली आकृती. एक षटकोन, त्याला जोडलेली लांब नागमोडी रेघ.]

ताज्या तेलात सर्वात जास्त असतं अ‍ॅनाकार्डिक आम्ल. त्याच्या जोडीला कार्डॉल आणि कार्डॅनॉल. तेल चांगलं तापवलं की आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचं कार्डॅनॉल होतं. उद्योगांना हवं असतं ते हे कार्डॅनॉल.

त्याच्या रेणूला एक डोकं आहे आणि एक शेपूट. डोकं फिनॉलचं. म्हणजे प्लायवूडचा डिंक, बेकेलाइट, रेझिन ज्यापासून बनतात, त्याच जातीचं. हे डोकं दुसऱ्या रेणूंना घट्ट धरतं. शेपूट 15 कार्बनची, तेलकट, लवचिक. ती पाण्याला जवळ येऊ देत नाही.

बाजारातलं फिनॉल येतं खनिज तेलातून. त्याला अशी शेपूट नसते. म्हणून त्याचं रेझिन कडक होतं, पण ठिसूळही होतं. कार्डॅनॉल मिसळलं की ते थोडं वाकतं, पाणी झटकतं. जमिनीखालून उपसलेल्या तेलाचं काम झाडावर वाढलेलं तेल करू लागतं. शिवाय त्यासाठी एक गुंठाही वेगळी जमीन लागत नाही. मक्यापासून किंवा उसापासून प्लॅस्टिक बनवायची गोष्ट निघाली की "मग खायचं काय?" हा प्रश्न येतोच. टरफलाबाबत तो येत नाही. टरफल कोणी खात नाही, आणि गर काढल्यावर ते उरणारच आहे.

[दृश्य: आंबोली घाट. पावसात उतरणारा ट्रक. ब्रेक लाइनिंगचा जवळून शॉट.]

हे काही कालपरवाचं संशोधन नाही. अमेरिकेत 1920 च्या दशकात मॉर्टिमर हार्वे या रसायनशास्त्रज्ञाने काजूच्या टरफलाच्या तेलावर काम सुरू केलं. त्यातून जो उपयोग सर्वात पक्का रुजला, तो ब्रेकचा. टरफलाच्या तेलाचं रेझिन बनवायचं, ते कडक करायचं आणि दळून भुकटी करायची. ही भुकटी ब्रेक लाइनिंगमध्ये घालतात. घाट उतरताना ब्रेक तापतो, तेव्हा ही भुकटी उष्णता सोसते, घर्षण एकसारखं ठेवते, आवाज कमी करते. घाटातल्या एखाद्या ट्रकच्या चाकात काजूचं टरफल असू शकतं. ड्रायव्हरला त्याचा पत्ता नसतो, आणि ज्या बाईने ती बी फोडली तिलाही नसतो.

दुसरा उपयोग मला अधिक आवडतो. कार्डॅनॉलपासून फिनॅल्कामाइन नावाची रसायनं बनतात. इपॉक्सी रंग घट्ट होण्यासाठी जो दुसरा डबा मिसळावा लागतो, त्यातला हा माल. याची खासियत अशी, की थंडीत आणि ओलसर पृष्ठभागावरही रंग नीट धरतो. म्हणून तो लागतो जहाजांना. होडीला टरफलाचं तेल चोळणाऱ्या खलाशाला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण त्याने माल बरोबर निवडला होता. आज आपल्या बंदरांतल्या होड्या बहुतेक फायबरच्या. तेल फासायची रीत मागे पडली, आणि तेच तेल नावगाव बदलून मोठ्या जहाजांच्या पोटाला लागतं.

एक खुलासा इथेच करायला हवा, कारण "नैसर्गिक" हा शिक्का हल्ली फार स्वस्त झालाय. कार्डॅनॉल झाडातून येतं, पण त्याचं रेझिन बनवताना बहुधा फॉर्माल्डिहाइड वापरतात, आणि ते विषारी आहे. इपॉक्सीचा पहिला डबा अजून बराचसा खनिज तेलातूनच येतो. शेपटीवरच्या दुहेरी बंधांचा उपयोग करून तोही डबा काजूपासून भरायचा, यावर काम चालू आहे. तोवर याला अर्धा हिरवा माल म्हणावं.

[दृश्य: कारखान्यामागे टरफलांचा ढीग. चिमणीतून काळा धूर.]

आणि मग कोकणातल्या टरफलाचं होतं काय?

बरंचसं जळतं. बॉयलरला जळण लागतंच. टरफलात तेल असल्यामुळे ते धडाडून पेटतं आणि फुकट मिळतं. पण तेलासकट जाळलं की धूर काळा, तिखट. वाऱ्याची दिशा बदलली की शेजारच्या घरातून तक्रार येते, आणि ती खोटी नसते. काही ठिकाणी टरफल ट्रकने तेल घाण्यांकडे जातं. घाण्यात टरफलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास तेल निघतं आणि पेंड उरते. या पेंडीतही उष्णता भरपूर असते, आणि ती टरफलापेक्षा कमी धुराने जळते. आधी तेल काढायचं, मग पेंड जाळायची. हिशेब साधा आहे.

मग तो सगळीकडे का होत नाही? कारण घाणा चालवायला रोज टरफल लागतं, आणि इथले कारखाने लहान. घराच्या पडवीत चालणारे पुष्कळ. प्रत्येकाकडे थोडं थोडं टरफल. त्यापुढची पायरी, म्हणजे तेलातून शुद्ध कार्डॅनॉल वेगळं करणं, आणखी अवघड. उघड्यावर जास्त तापवलं तर हे तेल स्वतःच घट्ट होऊन डांबरासारखं बसतं. ते निर्वात भांड्यात, कमी दाबाखाली उकळून गाळावं लागतं. ती यंत्रसामग्री महाग, आणि ती चालू ठेवायला टनावारी तेल लागतं. असं काम करणारा मोठा कारखाना याच किनाऱ्यावर खाली मंगळूरला आहे. कोकणातून कच्चा माल जातो, आणि त्याची खरी किंमत पुढे कुठेतरी होते. आंब्याच्या पेटीपासून आपल्याला ही गोष्ट तोंडपाठ आहे.

तरी टरफलाचा एक मोठा गुण आहे. ते थांबतं. आज नाही विकलं तर दिवाळीत विका. ढीग कोरडा ठेवला तर काही बिघडत नाही. पाच-दहा गावांनी मिळून एक घाणा घालायचा ठरवला, तर टरफल त्यांची वाट बघेल.

बोंडू वाट बघत नाही.

[दृश्य: पहाट. झाडाखाली पडलेले पिवळे-तांबडे बोंडू. बी पिरगळून काढणारे हात. बोंडू बाजूला भिरकावला जातो.]

काजू पिकला की आपोआप पडतो. बी पूर्ण तयार व्हावी म्हणून तो पडेपर्यंत थांबणंच बरं. पण बोंडूची कातडी पातळ. पडताना तो फुटतो, माती लागते, माश्या बसतात. उन्हात दुपारपर्यंत आंबायला लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच्यात खाण्यासारखं काही राहत नाही.

आणि हे फळ टाकाऊ मुळीच नाही. बोंडूत संत्र्याच्या चार-पाचपट 'क' जीवनसत्त्व असतं. रस भरपूर. अडचण एकच, तोठरा. एक बोंडू चावून खाल्ला की जीभ जड होते, घसा धरतो. ते टॅनिनचं काम. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरून ठेवतं आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं.

[दृश्य: स्वयंपाकघर. पातेल्यात बोंडूचा रस. वाटीत साबुदाण्याची पेज.]

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. लिटरभर रसाला 5 ग्रॅम साबुदाणा. तो शिजवून पातळ पेज करायची, रसात ढवळायची आणि पातेलं दहा-बारा तास हलवायचं नाही. टॅनिन पेजेला धरून खाली साका बसतो. वरचा रस हळूच ओतून घ्यायचा. तोठरा गेलेला, रंग पिवळसर, नितळ. मग तो तापवून बाटलीत भरा, साखर घालून सरबत करा. चोथा गुरांना किंवा गांडूळखताला. यात महागडं काहीच नाही. पुत्तूरचं काजू संशोधन संचालनालय असो की आपलं दापोलीचं कृषी विद्यापीठ, बोंडूच्या सरबतापासून वाइनपर्यंत सगळ्यावर तिथे काम झालंय. पाककृती छापून तयार आहेत.

सीमेपलीकडे गोव्यात बोंडू वाया जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे रस भट्टीवर जातो आणि फेणी होते. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे दारू गाळायची तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे सीमेलगतचे काही जण बोंडू तिकडे पाठवतात. बाकीच्यांचा झाडाखालीच राहतो. फेणी चांगली की वाईट या वादात मी पडत नाही. पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. भट्टी बागेजवळ असते. पडलेला बोंडू त्याच दिवशी चेपला जातो. बोंडूच्या धंद्यातली मुख्य गोष्ट हे अंतर आहे.

म्हणून मोठा कारखाना काढून बोंडूचा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. मोठा कारखाना लांब असणार, आणि वर्षातले नऊ महिने त्याला कुलूप. गावोगाव एक रस काढायचं यंत्र, साबुदाण्याचं पातेलं आणि रस तापवून टिकवायची सोय. तीन महिने काजू, मग कोकम, मग करवंद-जांभूळ. हे चालू शकतं. पण मजुरीचं काय? बी रोज न वेचता दोन दिवसांनी वेचली तरी चालते. बोंडू हवा तर सकाळ-संध्याकाळ वेचावा लागेल, झाडाखाली जाळी अंथरावी लागेल. गावात माणसं किती उरली आहेत ते आपण बघतोच. बोंडूच्या किलोमागे मिळणारा पैसा त्या वेचणाऱ्याची मजुरी भागवून उरला, तरच हे होईल. नाहीतर हा व्हिडिओ बघून लोक "छान आहे" म्हणतील आणि बोंडू पडून राहील.

[दृश्य: वेंगुर्ला. फळ संशोधन केंद्राच्या बागेतली जुनी झाडं. रोपवाटिकेतली कलमं.]

आता शेवटचा मुद्दा. माझ्या मते तो सर्वात लांब पल्ल्याचा.

वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 पासून आहे. आज कोकणात लागलेल्या काजूच्या कलमांमागे याच केंद्राचं काम आहे. इथली वेंगुर्ला-4 ही जात मिदनापूर रेड आणि वेतोरे-56 यांच्या संकरातून आली. वेतोरे म्हणजे इथलंच, वेंगुर्ला तालुक्यातलं गाव. बीचं वजन साडेसात ग्रॅमच्या वर. वेंगुर्ला-7 ची बी 10 ग्रॅमची, आणि त्यातून 30 टक्क्यांच्या वर गर. गावठी झाडाच्या बारीक बियांसमोर ही बी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसा आला, तो या निवडीमुळे.

पण ही निवड मुख्यतः बीची होती. बी किती मोठी, गराचा उतारा किती, झाडाला माल किती. ते बरोबरच होतं, कारण विकली जात होती बी. बोंडूचा रंग नोंदवला गेला, रसही मोजला गेला, पण त्यावर झाड पास-नापास झालं नाही. टरफलातल्या तेलावर तर नाहीच.

काजूचं झाड तीस-चाळीस वर्षं उत्पन्न देतं. येत्या जूनमध्ये लावलेलं कलम पुढची पिढी वेचणार. तोवर टरफलाच्या तेलाला किती भाव येईल, बोंडूचा रस कोण घेईल, हे आज ठरलेलं नाही. पण कमी तोठऱ्याचा, गोड, जाड सालीचा बोंडू देणारं झाड आजही कुणाच्या तरी परसात उभं असतं. गावातल्या पोरांना ते नेमकं माहीत असतं, कारण बोंडू खायला ती त्याच झाडाखाली जातात.

तेव्हा रोपवाटिकेत गेलात की बीचं वजन विचारा, गराचा उतारा विचारा, आणि त्याबरोबर बोंडूचंही विचारा. आपल्या आवाठात गोड बोंडूचं, चांगल्या बीचं एखादं झाड असेल तर त्याची काडी कलम बांधणाऱ्याकडे घेऊन जा. दोन-चार कलमं त्याची लावा आणि बाकीची वेंगुर्ल्याची.